मास्तरांच्या पाळण्याचा रंग

हे किस्से मी इतक्यांदा सांगितले आहेत, की त्यातलं मला खरंच आठवतं किती आणि सांगून सांगून पक्कं झालंय किती, याची खात्री देता येत नाही. माझी पत्नी शांता होती तेव्हा मधेच म्हणायची, "ते असं म्हणाले नव्हते हं." आता अडवणारं कुणी उरलं नाही, म्हणून मला जास्तच धास्ती वाटते. पण चार माणसं वर्षानुवर्षं एका जागी बसली की किस्से साठतातच. आमचे साठले गुलमंडीच्या मागच्या बोळात, रंगाच्या दुकानात. डब्यातल्या रंगासारखेच ते. वर तेल, खाली गाळ, आणि ढवळल्याशिवाय खरा रंग कळत नाही.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. दुकान शिवलिंगअप्पांचं. सुटे रंग, जवसाचं तेल, टर्पेंटाईन, लाख, सरस असा माल. मागच्या अंगणात एक कडुनिंब आणि त्याखाली दोन कारागीर. एक कासिमउस्ताद, दारं-खिडक्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे, तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. दुसरा सखाराम सुतार, मुकुंदवाडीहून रोज पायी यायचा. मुकुंदवाडी तेव्हा शहराबाहेरचं खेडं होतं. आणि चौथा मी. हैदराबादेहून एम.एस्सी. होऊन आलेला, सरकारी शाळेत मुलांना उर्दूतून विज्ञान शिकवणारा मास्तर.

मी तिथं का जायचो ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं एका भित्र्या माणसाची गंमत वाटेल. आमचं पहिलं मूल दीड महिन्याचं होऊन गेलं. डॉक्टर म्हणाले, ताप. पण बाळंतिणीची खोली मी स्वतः हौसेनं हिरवी रंगवली होती, आणि काही हिरव्या रंगांत सोमल, म्हणजे आर्सेनिक, असतो हे मी नंतर पुस्तकात वाचलं. आमच्या रंगात होता की नव्हता, कोण जाणे. भिंत तोवर खरवडून पांढरी केलेली होती. शांताला मी हे कधी बोललो नाही. तिला दुसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा मात्र शाळा सुटली की मी अप्पांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. या डब्यात काय आहे, त्या पुडीत काय आहे, विचारायला लागलो.

अप्पा एकदा कंटाळून म्हणाले, "मास्तर, गिऱ्हाईक रंग बघून जातं. तुम्ही रंगाची कुंडली मागता."

*

उस्ताद पांढरा रंग स्वतः घोटायचे. पाट्यावर शिशाचा सफेदा, त्यात जवसाचं तेल, आणि तासभर वरवंटा. घोटून झालं की थोडा रंग बोटाच्या टोकावर घ्यायचे आणि पुढच्या दातांखाली धरायचे. कचकच लागली तर आणखी घोटायचा, नाही लागली तर रंग तयार. ही रीत त्यांना वडिलांकडून आलेली.

मी पहिल्यांदा ते पाहिलं आणि बसल्या जागेवरून उठलोच. म्हटलं, उस्ताद, हा सीसा आहे, ज़हर आहे.

"हौ? मीठा लगता, मास्टरसाब."

मी म्हटलं, तेच तर वाईट. गोड लागतो म्हणून कळत नाही.

उस्तादांनी बोट लुंगीला पुसलं. "तो फिर करेला खाने वाले सब सौ बरस जीते क्या?"

संध्याकाळी काम संपलं की ते गुळाचा खडा खायचे. गुळानं पोटातली रंगाची धूळ उतरते, हा त्या धंद्यातला जुना समज. हात मात्र धुवायचे नाहीत. त्याच पांढऱ्या बोटांनी गूळ! त्यांच्या उजव्या मनगटात तेव्हाच थोडी ढिलाई आली होती. रेघ ओढताना ब्रश मधेच खाली वाकायचा. विचारलं तर म्हणायचे, थंडी आहे. भर उन्हाळ्यातही थंडीच म्हणायचे.

*

शेवटी मी शाळेच्या प्रयोगशाळेतून एक बाटली आणली. आत गंधकाचा वायू विरघळवलेलं पाणी. एका फळीवर अर्ध्या भागात शिशाचा सफेदा लावला, अर्ध्या भागात जस्ताचा. अप्पांकडे दोन्ही मिळायचे. जस्ताचा दिसायला तसाच, पण फळी झाकायला दोन हात जास्त लागायचे, म्हणून उस्तादांना तो आवडायचा नाही. मी दोन्हींवर ते पाणी ओतलं. जस्ताचा पांढरा तो पांढराच राहिला. शिशाचा बघता बघता तपकिरी झाला, मग काळा.

उस्तादांनी स्वतःच्या पोटावर हात ठेवला.

"अंदर भी यही रंग है?"

मी म्हटलं, अगदी असंच नाही, पण...

"नक्को. मत बताओ."

एवढ्यात अप्पा नाकाला उपरणं लावून आत आले. त्या बाटलीला सडक्या अंड्यासारखा वास असतो, आणि अप्पा कट्टर शाकाहारी लिंगायत, त्यांच्या दुकानात कांदासुद्धा लपूनछपून यायचा. म्हणाले, "मास्तर, जहर सावकाश बघू. आधी बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला सांगा, की आमच्यात अंडी खात नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून उस्ताद रंगाची कचकच दोन अंगठ्यांच्या नखांमध्ये घासून बघायला लागले. मी खूश होऊन अप्पांकडे पाहिलं. उस्तादांनी ते पाहिलं आणि लगेच खुलासा केला, की यात फळीचा काही संबंध नाही. पुढचे दात हलायला लागलेत, म्हणून.

*

आता माझा किस्सा. तो गाळला तर बाकीचे सांगायचा मला हक्क राहणार नाही.

जवसाच्या तेलानं माखलेली प्रत्येक चिंधी उस्ताद कडुनिंबाच्या फांद्यांवर सुटी सुटी वाळत घालायचे. एकावर एक कधी ठेवायचे नाहीत. बोळातून ते झाड इतकं विचित्र दिसायचं, की एका बाईनं नवसाचं झाड समजून आपलीही एक चिंधी बांधली आणि हात जोडून गेली.

मला टापटिपीची आवड. उस्ताद वेरूळला कुणाचं तरी घर रंगवायला गेले होते, त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सगळ्या चिंध्या उतरवल्या, नीट घड्या घातल्या आणि एका लाकडी खोक्यात दाबून बसवल्या. वर झाकणही लावलं. दुपारी आधी वास आला. मग फटीतून धूर यायला लागला. सखारामानं खोकं अंगणात ओढून त्यावर दोन घागरी ओतल्या, म्हणून निभावलं. शेजारीच टर्पेंटाईनचे डबे होते.

उस्ताद परत आले तेव्हा मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. हे तेल वाळताना हवेतला वायू ओढून घेतं, त्यात उष्णता तयार होते, चिंध्या कोंबलेल्या असल्या की ती बाहेर पडू शकत नाही, आणि मग ठिणगीशिवाय पेट घेते.

"आपको मालूम था?"

मालूम होतं. मी ते वर्गात शिकवत होतो.

"तो रखा कायकू?"

सखाराम खोक्यात काडीनं ढवळत होता. तो म्हणाला, "त्या बाईची चिंधीबी गेली, मास्तर. आता तिचा नवस तुमच्यावर."

*

अप्पांचाही एक आहे, छोटासाच.

डिसेंबरची थंडी. अप्पांनी दोन्ही दारं लावून घेतली आणि आत बसून सकाळपासून टर्पेंटाईनमध्ये व्हार्निश कालवत राहिले. संध्याकाळी मी दार लोटलं, तर अप्पा हसतमुख. "या मामा!" म्हणाले, आणि स्वतःची गादी सोडून उठले. त्या गादीवर त्यांनी सख्ख्या भावालाही कधी बसवलं नव्हतं. आम्ही त्यांना धरून अंगणात आणलं आणि वाऱ्याला बसवलं. हळूहळू चेहऱ्यावरचं हसू उतरलं, तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. त्यांनी विचारलं, मी काही बोललो का?

सखाराम म्हणाला, "लई नाय. फकस्त गादी मास्तरांच्या नावानं करत होता."

त्यानंतर कितीही थंडी पडो, कालवताना दाराची एक फळी उघडी राहायची. व्हार्निशचा वास डोक्यात जातो, हे मी त्यांना आधी दहा वेळा सांगितलं होतं. गादी जाते, हे एकदाच सांगावं लागलं.

*

कापड आणि कागद चिकटवायला सखाराम चिंचोक्याची खळ करायचा. किड्यांनी खाऊ नये म्हणून तिच्यात विषारी मोरचूद घालायचा, त्यामुळे खळ हिरवट व्हायची. एकदा उरलेली खळ तो वाटीत घेऊन घरी गेला आणि वाटी चुलीजवळच्या फळीवर ठेवली. घरी मेव्हणा पाहुणा आला होता. सखारामाच्या बायकोला ती शेजारणीनं दिलेली अंबाडीची भाजी वाटली. तिनं पाहुण्याला वाढली.

मेव्हणा भला माणूस. एक घास खाऊन एवढंच म्हणाला, "दाजी, भाजी जरा चिकट झालीय." आणि ओकत बाहेर पळाला. त्याला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. दोन दिवसांनी बरा होऊन गावी गेला. पुढं जेव्हा जेव्हा आला, तेव्हा भाकरी-कालवण घरून बांधून आणायचा.

मी उपाय सुचवला. दुकानातल्या प्रत्येक भांड्यावर कागद डकवायचा, त्यावर ठळक अक्षरांत 'ज़हर' लिहायचं. उर्दूत आणि मराठीतही.

सखाराम म्हणाला, "मास्तर, माझ्या घरी वाचतंय कोण?"

उस्तादांनी हातोडी घेतली आणि रंगाच्या, खळीच्या, सरसाच्या एकूण एक वाडग्यांच्या कडा टिचवल्या. टिचलेलं भांडं घरात कुणी बाई जेवणाला घेत नाही, मग ती हिंदूची असो की मुसलमानाची. हा नियम तिथं शेवटपर्यंत टिकला. माझे कागद पहिल्याच पावसाळ्यात गळून पडले.

*

एका वकिलांच्या आईनं सखारामाकडे देव्हारा सांगितला आणि अट घातली, की सरस लावायचा नाही. सरस कातडी उकळून करतात. सखारामानं लाकडी खुंट्यांनी सांधे बसवले आणि रंग म्हणून नुसती लाख लावली. खांब कातायच्या चरकावर फिरवायचा आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरायची. घर्षणानं लाख वितळून लाकडावर चढते. तेल नाही, सफेदा नाही.

मी ते बघत उभा होतो. सखारामानं माझ्या मनातलं ओळखलं.

"देवाला चालतं ते लेकराला चालतंय की."

पाळणा सांगून टाकला. तेव्हा शांताला सहावा सरत आला होता. लाकूडकामाची मला काळजी नव्हती. पण उस्ताद अडून बसले. मास्टरसाबच्या बच्च्याचा पाळणा आणि त्यावर फुलं नाहीत? मी म्हटलं, फुलं काढा, पण सफेदा नको, शिशाचा शेंदूर नको, सोमलाची पिवळी हरताळ नको. पोरं कठडा चावतात.

"तो क्या पानी से रंगाऊं?" ते म्हणाले, आणि अंगणात सगळे हसले. मीही हसलो.

पाळणा झाला. पिवळे गज, तांबडी किनार, आणि कठड्यावर मोगऱ्याची फुलं. इतकी पांढरी, की मला शिशाच्या सफेद्याशिवाय दुसरं काही सुचेना. त्यात अप्पा सहज बोलून गेले, की उस्तादांनी त्याच आठवड्यात सफेद्याची नवी पुडी फोडलीय. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, की ही फुलं कशाची?

उस्ताद वाकले आणि त्यांनी एका फुलावर जीभ लावली. "फीका है."

ज्या माणसानं तीस वर्षं विष गोड म्हणून दातांखाली धरलं, त्याच्या जिभेची साक्ष कशी धरायची? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भरोसा नहीं?"

मी म्हटलं, है.

ते खोटं होतं, आणि मला वाटतं, त्यांना ते कळलं.

*

मूल जन्मायच्या आधी पाळणा घरात आणायचा नाही, असं माझ्या सासूबाईंनी बजावलं होतं. रिकामा पाळणा हललेलाही चालत नाही. मी उस्तादांना म्हटलं, तोवर तुमच्याकडे राहू दे. त्यांनी लगेच मान डोलावली. रंग सुकायलाही वेळ लागेल म्हणाले. मी विचारलं, लाखेला सुकायला दोन महिने?

"धीरे सूखता," ते म्हणाले. सखाराम उगाच रंध्याचं पातं तपासत होता.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी टांग्यातून पाळणा आला. शांतानं त्याच्यावरून हात फिरवला आणि बोट एका जागी थांबलं. कठड्याच्या कडेला चार बारीक खुणा होत्या. दोन वरून, दोन खालून. मी उस्तादांना विचारलं. म्हणाले, "चूहा होंगा." मला वाटलं, सखारामाच्या पक्कडीची खूण असेल.

मुलगी पाच-सहा महिन्यांची झाली, दात शिवशिवायला लागले, आणि माझी झोप उडाली. एक दिवस मी शांताकडून जुन्या धोतराच्या पट्ट्या सगळ्या कठड्याला गुंडाळून घेतल्या. तिनं कारण विचारलं नाही. त्याच आठवड्यात उस्ताद मुलीला बघायला आले. पट्ट्यांकडे पाहिलं. कप खाली ठेवला.

"पालने को चोट लगी क्या, मास्टरसाब?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. त्यानंतरही दुकानात आम्ही रोज भेटत होतो, तसेच बोलत होतो. पाळण्याचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही.

*

निजामाचं राज्य गेलं. मला दुसऱ्या गावी कॉलेजात नोकरी लागली, पुढं डॉक्टरेट झाली. उस्ताद गेल्याचं अप्पांच्या पत्रातून कळलं. शेवटी शेवटी उजव्या हातात पेला धरवत नव्हता, असं त्यात होतं. फळी दाखवायला मी दहा वर्षं उशिरा गेलो, किंवा वीस.

पाळणा आमच्या माळ्यावर होता. मुलगी कॉलेजात जायला लागल्यावर एकदा तो खाली काढला. पट्ट्या सोडल्या. गजांच्या झाकलेल्या टोकांवर पिवळा रंग टवटवीत होता, खाली उघड्यावर पार उडालेला. हरताळ उजेडानं इतक्या लवकर उडत नाही; हळद उडते. मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक, आणि हे मला तोवर सुचलं नव्हतं. तरीही मी प्रत्येक रंगाचा कपचा काढून प्रयोगशाळेत नेला. एकदा तपासलं, विश्वास बसला नाही, पुन्हा तपासलं. शिसं नाही. सोमल नाही. पिवळी ती हळद, तांबडा तो गेरू, आणि मोगऱ्याची फुलं खडूच्या पुडीची, लाखेत कालवलेली.

शांताला त्या दिवशी मी सगळं सांगितलं, हिरव्या खोलीसकट. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्ही झोपेत बोलायचात." मग उठून तिनं पट्ट्यांची घडी घातली.

त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी त्या बोळात गेलो. कडुनिंब होता. अंगणात आता उस्तादांचा नातू नईम पाट्या रंगवतो. त्यानं चहा मागवला. बोलता बोलता मी पाळण्याचं सांगितलं, तर तो हसायला लागला.

"अच्छा, वो आपका था? मेरी अम्मी आज भी बोलती. दो महीने सोया मैं उसमें, दाँत उसी में निकले. ले गए तो बहुत रोया बोलते."

मी विचारलं, उस्ताद काही म्हणाले होते का?

"दादा बोले, खाली पालना अच्छा नहीं. पहले अपना बच्चा सोएगा, फिर मास्टरसाब का."

मी चहा संपवला आणि त्याला त्याची जन्मतारीख विचारली. त्यानं सांगितली. मी बोटांवर मोजलं, मग खात्रीसाठी पुन्हा मोजलं. तो आमच्या मुलीपेक्षा आठ महिन्यांनी मोठा आहे.